लाकडाशी कुस्ती

शक्तीपेक्षा युक्ती श्रेष्ठ, ही म्हण आपण शाळेत असल्यापासून ऐकत आलो आहोत. माझा अनुभव असा की, ज्याला शक्ती कमवायची नसते त्याच्याच तोंडी ती अधिक असते. कला शाखेत तर ही वाटणी ठरूनच गेली आहे. ज्याच्या हाती जाड पुस्तक त्याचे दंड बारीक असायचे, आणि ज्याचे दंड जाड त्याने ग्रंथालयाच्या वाटेला जायचे नाही! मी इतिहासाचा विद्यार्थी आहे आणि संध्याकाळी कबड्डी खेळतो. त्यामुळे दोन्हीकडच्या मंडळींची थट्टा मला सारखीच सोसावी लागते. म्हणूनच असेल, आपल्याच जिल्ह्यातील एका माणसाचे चरित्र वाचताना मला विशेष आनंद झाला. शक्ती आणि युक्ती यांचे भांडण त्याने कायमचे मिटवले, असे मला वाटते. शक्तीऐवजी युक्ती, असे त्याने म्हटले नाही. शक्ती कमवायचीच युक्ती त्याने शोधली. त्याचे नाव बाळंभटदादा देवधर.

वर्गात मी हे नाव सहज विचारून पाहिले. साठ जणांच्या वर्गात दोघांना ते माहीत होते, आणि ते दोघेही व्यायामशाळेत जाणारे होते. नाशिक म्हटले की गोदावरी, सिंहस्थ, सावरकर, कुसुमाग्रज आणि द्राक्षे एवढे आपल्याला पटकन आठवते. यांतल्या द्राक्षांचा तालुका म्हणजे निफाड, आणि त्याच निफाड तालुक्यातील कोठुरे या गावी १७८० साली बाळंभटांचा जन्म झाला. आज जगात जिथे जिथे मुले एका उभ्या लाकडी खांबावर डोके खाली, पाय वर करून लीलया फिरतात, तिथे तिथे या कोठुऱ्याच्या माणसाची विद्या चालू असते. मल्लखांबाला नवे आयुष्य देणारा पुरुष तो हाच.

त्यांच्या तरुणपणीचा काळ नीट ध्यानात घेतला पाहिजे. पानिपत होऊन पस्तीसेक वर्षे लोटली होती. सवाई माधवराव १७९५ मध्ये अकाली गेले आणि पुढच्या वर्षाच्या अखेरीस दुसरा बाजीराव गादीवर आला. या बाजीरावाचे बालपण आपल्या नाशिकजवळच्या आनंदवल्लीत, आई आनंदीबाईच्या सहवासात आणि बरेचसे नजरकैदेतच गेले होते. इतिहासाने त्याच्याविषयी जो निवाडा दिला आहे तो कठोर आहे आणि तो बदलण्याचा माझा विचार नाही. परंतु एक गोष्ट त्याच्या पदरी टाकावीच लागते. त्याच्या दरबारी मल्लविद्येला मान होता, आणि तो मान नसता तर पुढची हकीकत घडलीच नसती.

त्या दिवसांत पहिलवान मुलूखभर फिरत. एका दरबारातून दुसऱ्या दरबारात जायचे, आमच्या जोडीचा कोणी असेल तर उभा करा म्हणून आव्हान द्यायचे, जोड मिळाली तर लढायचे आणि न मिळाली तर दरबाराकडून हार कबूल करून घेऊन मानाचे बक्षीस न्यायचे, अशी रीत होती. निजामाच्या मुलखातून अली आणि गुलाब नावाचे दोन मल्ल असेच फिरत फिरत पुण्यास पेशव्यांच्या दरबारी आले. आडदांड देह आणि ठिकठिकाणी मिळवलेले विजय ही त्यांची शिफारस होती. त्यांनी आव्हान दिले, आणि भरल्या दरबारात कोणी पुढे येईना. पहिलवान हरला तर एकटा हरतो, पण आव्हान न घेतले तर सारा दरबार हरतो. पेशव्यांच्या नावाला बट्टा लागणार, अशी ती वेळ होती.

अशा वेळी जो उठला तो कोणी नावाजलेला मल्ल नव्हता. तो कोठुऱ्याचा, अठराच्या आसपास वयाचा एक मुलगा होता. आपल्या वर्गातल्या प्रथम वर्षाच्या मुलाएवढा! त्याने आव्हान स्वीकारले, परंतु लगेच लंगोट कसला नाही. तयारीसाठी मुदत मागून घेतली. या प्रसंगाचे वर्णन करताना सगळे जण त्याच्या धाडसाची वाखाणणी करतात. मला मात्र त्या मुदतीचे अधिक कौतुक वाटते. अंगात रग असलेल्या तरुणाला मुदत मागणे कमीपणाचे वाटते. आपण आज या माणसाला हरवू शकत नाही, पण काही काळाने हरवू शकू, हे हिशेबाने जाणणे आणि भरल्या सभेत तसे कबूल करणे, यालाही छातीच लागते.

त्या मुदतीत बाळंभट कुठे गेले? ते आपल्या जिल्ह्यात परत आले आणि वणीच्या सप्तशृंगीच्या गडावर जाऊन राहिले. परंपरा सांगते की, त्यांनी तिथे देवीची उपासना केली. अठरा हातांच्या त्या देवीने भक्तावर कृपा केली आणि मारुतीरायाकडे बोट दाखवले. मग मारुतीने स्वप्नात येऊन एका लाकडी खांबावर कुस्तीच्या पकडी, उड्या आणि फिरक्या करून दाखवल्या. बाळंभटांनी त्याप्रमाणे खांब उभा करून मेहनत आरंभली. गडावर जे कोणी गेले असतील त्यांना तिथल्या माकडांच्या झुंडी ठाऊक आहेत. हातातली प्रसादाची पिशवी कधी गेली ते कळत नाही. झाडाच्या उभ्या खोडाला बिलगून सरसर वर जाणारा, क्षणात उलटा होऊन खाली पाहणारा तो प्राणी दिवसभर डोळ्यांसमोर असताना, रात्री मारुती स्वप्नात येऊन खांबावर खेळला, यात अशक्य असे मला तरी काही दिसत नाही. स्वप्नाचा मान स्वप्नाला द्यावा. माझे म्हणणे एवढेच की, स्वप्न एका रात्रीचे होते आणि त्यानंतरचे सगळे दिवस मेहनतीचे होते. कीर्तनात स्वप्न रंगते, मेहनत रंगत नाही. म्हणून पहिली गोष्ट सर्वांच्या लक्षात राहिली आणि दुसरी मागे पडली.

मल्लखांब सर्वस्वी त्यांच्या डोक्यातून निघाला, असे मात्र म्हणता येणार नाही. बाराव्या शतकात चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने रचलेल्या मानसोल्लास या संस्कृत ग्रंथात मल्लांच्या व्यायामाचे वर्णन आहे आणि त्यात स्तंभावरील श्रमाचाही उल्लेख येतो. म्हणजे खांब जुनाच. पण मधल्या काही शतकांत तो जवळजवळ विस्मरणात गेला होता. जुनी वस्तू धूळ झटकून पुन्हा वापरात आणणे आणि तिच्यातून एक पुरते शास्त्र उभे करणे, हे काम नव्या शोधाहून कमी मोलाचे नसते.

आता हा खांब पहिलवानाला नेमका काय शिकवतो, हे पाहू. आठ-साडेआठ फूट उंचीचा, शिसवी किंवा सागवानी, खाली जाड आणि वर निमुळता होत जाणारा हा खांब असतो. त्याचे तीन भाग. सर्वांत मोठे ते अंग, त्यावर बारीक मान आणि टोकाला गोल बोंड. ही नावेच पुरेशी बोलकी आहेत. तो खांब म्हणजे उभा असलेला प्रतिस्पर्धी मल्ल आहे. त्याला मिठी मारायची, त्याच्या मानेला हात घालायचा, त्याच्या अंगाभोवती पायांची कैची आवळायची. कुस्तीत अंग घामाने निसरडे होते, म्हणून खांबाला एरंडेल चोळतात. घामाने भरलेला माणूस हातातून जसा सटकतो तसाच हा खांबही सटकतो. फरक एकच. माणूस दमतो, चुकतो, कधी घाबरतो. खांब दमत नाही आणि चुकत नाही. जो चुकेल तो आपणच, आणि त्याची शिक्षाही तिथल्या तिथे मिळते. अशा जोडीदाराबरोबर रोज सराव करणारा मुलगा आखाड्यात उतरला की, समोरचा जिवंत माणूस त्याला काहीसा सोपाच वाटत असला पाहिजे.

मल्लखांबावरच्या उड्यांची आणि पकडींची नावे म्हणजे मराठी भाषेचे एक लहानसे दालनच आहे. अढी, तेढी, बगली, दसरंग, फिरकी, सुईदोरा, वेल, झाप, ताजवा, फरारा, सलामी, उतरती. यांतली काही सरळ कुस्तीतून आलेली आहेत. कबड्डीसाठी पकड मजबूत व्हावी म्हणून आमच्या क्रीडाशिक्षकांनी मला मागच्या वर्षी काही महिने मल्लखांबावर धाडले होते. साधी अढी ही तिथली बाराखडी. खांब हातांनी धरून पाय वर फेकायचे आणि डोके खाली असताना मांड्यांमध्ये खांब आवळून धरायचा. पाहणाऱ्याला वाटते की सगळे काम हातांचे आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी जिना उतरताना कळते की ते काम मांड्यांच्या आतल्या बाजूच्या स्नायूंचे, पोटाचे आणि कमरेचे होते! जोर-बैठकांनी छाती, दंड आणि मांड्यांचा पुढचा भाग भरतो. पण प्रतिस्पर्ध्याला पायांत अडकवून ठेवणारे हे आतले स्नायू त्यात फारसे कामाला लागत नाहीत. खांब नेमके तेच कामाला लावतो. शिवाय मनगटाची पकड, अंगाचा तोल आणि उलटे असतानाही दिशेचे भान, या तिन्ही गोष्टी एकाच वेळी घडतात. कबड्डीत चढाई करणाऱ्याच्या पायाला कैची घालताना मला त्याचा प्रत्यय येतो.

मुदत संपली आणि बाळंभट पुण्यास परतले. दरबार भरला, कुस्ती लागली. बलाढ्य अली आणि हा सडपातळ पोर, अशी ती विजोड जोड पाहून कित्येकांनी मनात निकाल ठरवून टाकला असेल. परंतु निकाल उलटा लागला. बाळंभटांनी अलीला चीतपट केले, आणि ते पाहून गुलाबने लढण्यास नकार दिला, असे परंपरा सांगते. लढलेल्या कुस्तीपेक्षा न लढलेली कुस्तीच या हकिकतीत अधिक बोलते, असे मला वाटते. गुलाब काही भित्रा नव्हता. भित्रा माणूस दरबारोदरबारी आव्हाने देत हिंडत नाही. पण जाणकार मल्ल असल्यामुळे त्याला समोर काय घडले ते कळले असावे. इथे निव्वळ वजनाला वजन भिडलेले नाही, या पोराच्या अंगात आपल्याला अपरिचित अशी काही तालीम मुरलेली आहे, हे त्याने ओळखले.

ही तालीम कोणत्या तत्त्वावर उभी होती? आजचे व्यायामशास्त्र जे सांगते त्याच्या उजेडात पाहिले तर दोन गोष्टी स्पष्ट दिसतात.

पहिली गोष्ट अशी की, शरीर ज्या कामासाठी तयार करावे त्याच कामाला ते तयार होते. धावणाऱ्याचा दम निराळा, भार उचलणाऱ्याचे बळ निराळे आणि कुस्तीगिराची पकड निराळी. नुसते वजन उचलून कोणी चांगला कुस्तीगीर होत नाही. त्याने उचललेले बळ कुस्तीच्या डावात उतरावे लागते. बाळंभटांनी व्यायाम आणि डाव हे दोन विषय वेगळे ठेवलेच नाहीत. खांबावर केलेली प्रत्येक मेहनत हा एक डाव होता आणि प्रत्येक डाव ही मेहनत होती.

दुसरी गोष्ट म्हणजे भार हळूहळू वाढवत नेणे. प्राचीन काळच्या क्रोटन या ग्रीक वसाहतीतील मायलो नावाच्या मल्लाची कथा प्रसिद्ध आहे. तो रोज एक वासरू खांद्यावर घेऊन चाले. वासराचा बैल होईपर्यंत त्याने क्रम सोडला नाही आणि अखेर तो बैलच उचलू लागला. कथा असेल, पण तिच्यातले तत्त्व खरे आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस थॉमस डीलॉर्म नावाच्या अमेरिकन लष्करी डॉक्टरने गुडघे दुखावलेल्या सैनिकांना क्रमाक्रमाने वाढत्या वजनांचा व्यायाम दिला आणि १९४५ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. आजच्या प्रत्येक जिममधली दहा-दहा वेळा वजन उचलण्याची पद्धत बरीचशी त्याच्याकडूनच आली आहे. आता कोणी विचारील की, मल्लखांबावर भार कसा वाढवायचा? आपले वजन तर रोज तेवढेच! यातच या विद्येची खुबी आहे. इथे वजन वाढत नाही, आधार कमी होत जातो. आधी दोन हात, मग एक हात, मग हात सोडून नुसते पाय. आधी खालचे जाड अंग, मग बारीक मान, मग ते मुठीएवढे बोंड. देह तोच, पण त्याला धरून ठेवणारी जागा रोज थोडी आक्रसते आणि स्नायूंना रोज थोडे अधिक काम पडते. ज्याच्याकडे लोखंडी वजने नाहीत आणि ती घ्यायला पैसाही नाही, अशा खेड्यातल्या मुलाला मायलोचा बैल या लाकडात मिळाला.

कुस्तीनंतर बाळंभटांचे बाळंभटदादा झाले. पेशव्यांनी त्यांचा सन्मान केला आणि त्यांना आपल्या पदरी ठेवले. स्वतः बाजीरावाच्या व्यायामाचे ते गुरू झाले. इथे गोष्ट सुखान्त संपली असती तर ती शालेय पाठ्यपुस्तकातला एक धडा झाली असती. पण पुढची वर्षे मराठी राज्याच्या पडझडीची होती. १८०२ मध्ये होळकरांनी पुण्याजवळ पेशव्यांच्या फौजेचा मोड केला आणि बाजीराव इंग्रजांच्या आश्रयास गेला. वर्षअखेर वसईचा तह झाला. १८१७ च्या नोव्हेंबरात खडकीची लढाई झाली आणि शनिवारवाड्यावर इंग्रजांचे निशाण चढले. १८१८ च्या जूनमध्ये बाजीराव माल्कमच्या स्वाधीन झाला. वर्षाला आठ लाखांचे पेन्शन घेऊन त्याने महाराष्ट्र सोडावा असे ठरले, आणि गंगेच्या काठी, कानपुराजवळच्या ब्रह्मावर्तास म्हणजे बिठूरला त्याने उरलेले आयुष्य काढले.

आश्रित मंडळींचे हाल अशा वेळी सर्वांत अधिक होतात. धन्याचे राज्य गेले, आपले वतन लांब राहिले, भाषा परकी, पाणी परके. बाळंभटदादाही धन्यामागोमाग उत्तरेत गेले. हत्ती, फौजा, किल्ले यांतले काहीच बरोबर नेण्यासारखे नव्हते. पण जी विद्या अंगात भिनलेली असते ती नेण्यास परवाना लागत नाही. चार हात जमीन आणि एक चांगले लाकूड मिळाले की व्यायामशाळा तयार. महाराष्ट्रातला मल्लखांब गंगेच्या काठी रोवला गेला तो असा, पराभवाच्या वाटेने. हे वाचताना मी थोडा थांबलो. एका राज्याचा अंत हा आम्ही इतिहासात एका प्रश्नाचे उत्तर म्हणून पाठ करतो. त्याच अंतातून एखादी विद्या दूरवर पसरते, हे त्या उत्तरात येत नाही.

बिठूरच्या वाड्यात पुढे जी मुले वाढली त्यांची नावे सर्वांना माहीत आहेत. बाजीरावाचे दत्तक पुत्र नानासाहेब, मोरोपंत तांब्यांची कन्या मणिकर्णिका म्हणजे पुढची झाशीची राणी लक्ष्मीबाई, आणि तात्या टोपे. यांतले तात्या टोपे मूळचे आपल्याच जिल्ह्यातील येवल्याचे. ही सर्व मुले बाळंभटदादांच्या हाताखाली मल्लखांब शिकली, अशी परंपरा आहे. येवल्याच्या मुलाला कोठुऱ्याच्या गुरूने गंगेकाठी घडवावे, हा योगायोग नाशिककरांना तरी सुखावणारा आहे. १८५७ च्या संग्रामात राणीने पाठीशी मूल बांधून झाशीचा किल्ला सोडल्याची कथा आपण सांगतो. पुढे तात्यांनी मध्य हिंदुस्थानच्या रानावनांतून महिनोन्‌महिने इंग्रजी पलटणींना हुलकावण्या दिल्या. त्या सगळ्याला घोड्यावरची घट्ट मांड आणि न तुटणारा दम लागत होता. या दोन्ही गोष्टींची सुरुवात लहानपणीच्या एखाद्या खांबावर झाली असेल, तर त्यात नवल नाही. आणि त्या काळी एका मुलीलाही मल्लखांब खुला होता, असे ही परंपरा सांगते, हे आमच्या वर्गभगिनींनी ध्यानात ठेवावे.

बाजीराव १८५१ मध्ये वारला. त्या सुमारास दादा काशीला होते आणि तिथे त्यांनी शिष्यांच्या साहाय्याने आखाडा उभारला होता. गंगास्नानाला आणि वेदाध्ययनाला देशभरातून येणाऱ्या मराठी मुलांना तिथे मल्लखांब पाहायला व शिकायला मिळू लागला. त्यांच्या शिष्यांत कोंडभटनाना गोडबोले यांचे नाव अग्रभागी घेतले जाते. १८५२ मध्ये दादांनी देह ठेवला. कोठुरे, पुणे, बिठूर, काशी अशी ती बहात्तर वर्षांची वाटचाल होती. म्हणजे १८५७ पाहण्यास ते राहिले नाहीत. आपण घडवलेल्या मुलांचे पुढे काय झाले, हे बहुतेक गुरूंना कळत नाही. तसे ते त्यांनाही कळले नाही.

मांजराने वाघाला सगळे शिकवले आणि झाडावर चढणे तेवढे शिकवले नाही, ही गोष्ट आपण आजीकडून ऐकलेली असते. तालमीतले जुने वस्तादही शेवटचा डाव स्वतःजवळ राखून ठेवत, असे सांगतात. पोट त्यावर अवलंबून असले की माणूस विद्या झाकून ठेवतो, त्यात नवलही नाही. अलीला पाडणारी युक्ती बाळंभटदादांनीही मुठीत ठेवली असती तर त्यांचा दबदबा जन्मभर राहिला असता आणि मल्लखांब त्यांच्याबरोबर काशीच्या घाटावर जळून गेला असता. त्यांनी नेमके उलट केले. मांजराने जे लपवले तेच, म्हणजे झाडावर चढणेच, ते जन्मभर शिकवत राहिले! एका कुस्तीचा विजय हा त्यांच्या आयुष्यातला मोठा प्रसंग खरा, पण पुढे अर्धशतकभर त्यांनी दुसऱ्यांची अंगे घडवली हे मला त्याहून मोठे वाटते.

या शिकवण्याचे फळ आपण पाहतच आहोत. महाराष्ट्रात गावोगावच्या व्यायामशाळांत खांब उभे राहिले. नाशिकच्या यशवंत व्यायामशाळेत महाबळ गुरुजींनी ही परंपरा जोपासली. बडोद्याला जुम्मादादांच्या आखाड्यात मुसलमान गुरू आणि माणिकरावांसारखा हिंदू शिष्य, अशी मल्लविद्येची जोडी दिसते. आखाड्याच्या मातीत जात आणि धर्म पुसला जातो, याचे ते उदाहरण. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने १९३६ साली बर्लिनला ऑलिंपिकच्या वेळी भारतीय व्यायामप्रकार करून दाखवले. मुंबईत दादरच्या समर्थ व्यायाम मंदिरासारख्या संस्थांनी मल्लखांब वाढवला. १९६२ मध्ये ग्वाल्हेरला राष्ट्रीय पातळीवर त्याच्या स्पर्धा झाल्या, १९८१ मध्ये त्याचा स्वतंत्र राष्ट्रीय महासंघ निघाला आणि २०१९ च्या फेब्रुवारीत मुंबईत पहिली जागतिक मल्लखांब स्पर्धा भरली. पुरलेल्या खांबाखेरीज टांगता मल्लखांब आला. पूर्वी वेतावर होणारी कसरत, चांगला वेत मिळेनासा झाल्यावर, सुती दोरावर होऊ लागली आणि तो दोरीचा मल्लखांब मुलींनी आपलासा केला. अलीला हरवण्यासाठी जे शस्त्र घडवले गेले ते कुस्तीच्या हौद्यातून बाहेर पडून स्वतःच एक खेळ झाले.

आता आपल्याविषयी थोडे. आपल्या महाविद्यालयात खेड्यापाड्यांतून येणारे निम्मे मित्र पोलीस भरतीची नाहीतर सैन्यभरतीची तयारी करत असतात. कोणासाठी हा हौसेचा प्रश्न नाही. घरची दोन एकर जमीन, धाकट्या बहिणीचे शिक्षण, सावकाराचे किंवा सोसायटीचे कर्ज हे सगळे त्या सोळाशे मीटरच्या धावेवर आणि गोळाफेकीवर टांगलेले असते. आणि होते काय? जाहिरात येईपर्यंत हालचाल नाही. जाहिरात आली की पहाटे चारला उठून एकदम दहा दहा किलोमीटर धावायचे, संध्याकाळी जिममध्ये आरशासमोर दंड फुगवायचे, कोणीतरी सांगितली म्हणून डब्यातली भुकटी दुधात घालायची. माझा एक मित्र असाच तीन आठवड्यांत नडगीचे दुखणे घेऊन बसला आणि मैदानी चाचणीच्या दिवशी तो घरी होता. त्याच्यात रग कमी नव्हती. कमी पडला तो वेळ आणि क्रम.

बाळंभटदादांच्या चरित्रातून मी जे घेतले ते म्हणूनच फार साधे आहे. आधी समोरचे काम नीट पाहावे. त्या कामाला शरीराचा कोणता भाग आणि कोणता गुण लागतो ते ओळखावे. त्याचा व्यायाम आज पेलेल एवढ्यापासून सुरू करावा आणि रोज थोडा वाढवावा. विश्रांती आणि साधे घरचे अन्न हाही त्या व्यायामाचाच भाग समजावा. मुदत मागायची लाज वाटू देऊ नये, पण मिळालेल्या मुदतीतला एक दिवसही वाया घालवू नये. देवीवर श्रद्धा असेल तर गडावर अवश्य जावे. बाळंभटही गेले होते. मात्र दर्शन झाल्यावर ते खांबापाशी आले, हे विसरू नये.

प्राध्यापक मंडळींनाही एक विनंती करावीशी वाटते. जिमखान्याच्या मागे जी मोकळी जागा आहे तिथे एक सागवानी खांब रोवण्याचा खर्च आपल्या स्नेहसंमेलनाच्या मांडवापेक्षा कमी येईल. त्याला वीज लागत नाही, तो गंजत नाही, आणि एकाच खांबावर दिवसातून पन्नास मुले-मुली आळीपाळीने मेहनत करू शकतात. सोबत एक जाणता शिक्षक आणि खाली टाकायला गादी मात्र हवी, कारण ही विद्या पुस्तकातून किंवा एकट्याने शिकण्याची नव्हे. ज्या जिल्ह्याच्या एका अठरा वर्षांच्या मुलाने हा खांब जगाला दिला, त्या जिल्ह्यातल्या महाविद्यालयात तो असावा, एवढेच माझे मागणे आहे. पुढच्या वर्षीच्या अंकात त्या खांबाचे छायाचित्र छापता आले तर या लेखाचे सार्थक झाले असे मी समजेन.